जंगल गप्प नव्हतं

सेलेस्तून, सोमवार, १३ जानेवारी

एल्सी,

फोन करू नकोस, आधीच सांगते. इथे खाडीवर वारा फार, उद्यापासून जंगल, तिथे रेंज नाही, आणि गाडी चालवताना मी फोन घेत नाही. त्या बारीक बटणांवर माझी बोटंही बसत नाहीत. म्हणून कागदावर लिहितेय. फोटो काढून पाठवीन, तिकडे सॅन फ्रान्सिस्कोत बसून सावकाश वाच.

तुझ्या लेकीचा, युरीदियाचा, निरोप मिळाला. ती शनिवारी तिकडून आपल्या लेकीला घेऊन येतेय आणि रविवारी पोरीचं हेत्समेक करायचंय. पहिल्यांदा कडेवर घेऊन टेबलाभोवती फिरवायला मावशीच हवी, असं आजीबाईंनी, म्हणजे तू, ठरवलंस म्हणे. आई गेल्यापासून आपलं बोलणं बंद, आणि आता एकदम कडेवर घ्यायला मी! गावात दुसरी बाई उरली नाही का?

घेईन. पोरीने माझं काही वाकडं केलेलं नाही. तिला तीन महिने पूर्ण होतायत, चुलीचे दगड तीन, म्हणून मुलीचं त्याच महिन्यात व्हायला हवं. पण म्हणून तुला माफ केलं असं समजू नकोस. तू आईच्या मातीला आली नाहीस. तुझ्याकडे कागद नाहीत, एकदा बाहेर पडलीस की परत आत शिरता येणार नाही, हे सगळं मला ठाऊक आहे. ठाऊक असूनही राग जात नाही, त्याला मी काय करू?

या खेपेला पाखरं बघायला आलेली गिऱ्हाइकं तीनच आहेत. प्रेबेन आणि त्याची बायको इंगर, डेन्मार्कचे. तो म्हातारा शाळेत गाणं शिकवायचा, आता माझ्यासारखाच गुडघे धरून उठतो. तिसरी मोंतेर्रेची ग्रासिएलाबाई. नवरा वारल्यावर हिला पाखरांचं वेड लागलं. तोंड म्हणून बंद नाही. रोहित पाहून ढसाढसा रडली. अख्खी खाडी गुलाबी झाली होती, तिचं चुकलं नाही. मीच नुसती बघत राहिले. मला तेव्हा घर दिसत होतं, आपला जाळीचा झोका दिसत होता, कधी एकदा आडवी होते असं झालं होतं.

फार दमते गं हल्ली. बोलून बोलून घसा जातो. म्हणून आता नवी पद्धत काढलीय. झाडाखाली उभं राहिलं की मी नाव सांगत नाही, त्यांनाच विचारते, "बोला, काय ऐकलंत? कुठून आलं?" ते बोट दाखवतात, मी दुर्बीण लावते आणि नाव सांगते. लोक खूश होतात. "बाई, तुम्ही खरं शिकवता," म्हणतात.

तुझे दोन आवाजी निरोप आले. ऐकले. दोन्हीला "ठीक आहे" असं कळवलंय.

फिदेलिया

सांता एलेना, मंगळवार, १४ जानेवारी

एल्सी,

तुझा लेखी निरोप आला. "ताई, नक्की ऐकलंस ना? आणि त्याला उत्तर एवढंच?" किती मोठं उत्तर हवं होतं तुला? ठीक आहे म्हणजे ठीक आहे. दिवसभर उन्हात उभी असते मी. तुझ्यासारखं खुर्चीत बसून फोनला गोंजारायला मला वेळ नाही.

आज उश्मलच्या जुन्या अवशेषांकडे गेलो. फाटक उघडायच्या आधीपासून उभे होतो, बस येण्याआधी पाखरं बघायची तर तसंच करावं लागतं. राज्यपालाच्या वाड्यामागे भिंतीच्या भोकातून तोह पक्षी निघाला आणि फांदीवर बसून शेपटी हलवू लागला, डावीकडे उजवीकडे, डावीकडे उजवीकडे. ग्रासिएला म्हणाली, "अगंबाई, हा तर घड्याळातला लंबकच!" आईची गोष्ट सांगितली मी त्यांना. वादळ येणार म्हणून सगळी पाखरं कामाला लागली, हा मात्र झोपला, शेपटी रस्त्यावर राहिली आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तिचे केस उपटले, म्हणून टोकालाच तेवढा झुपका. आठवतं? तू विचारायचीस, "मग त्याला कुणी उठवलं का नाही?" आई म्हणायची, "उठवलं गं, त्याने ऐकलं नाही."

तोह खर्जात ओरडतो. तो मला फार आवडतो.

प्रेबेन आज माझ्याकडे फार बघत होता. दोनदा वळले तर दोनदा बघत होता. डेन्मार्कच्या म्हाताऱ्याला या वयात काय सुचतंय कोण जाणे! बायकोला सांगेन म्हटलं.

संध्याकाळी खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले. बाहेर पोरं खेळत होती, तोंडं हलत होती त्यांची. आईच्या शेवटच्या महिन्यात मी अशीच दारात बसायचे. ती आत, मी दारात. चाकरीने माणूस थकतं हे कबूल करायला लोक लाजतात. मी लाजत नाही. थकले होते. अजून तो थकवा गेला नाही असं वाटतं. आता गेला असेल म्हणते आणि सकाळी बूट घालताना परत येतो.

फिदेलिया

सांता एलेना, बुधवार, १५ जानेवारी

आज लाब्नाला नेलं. आपल्या बाबांचं लाब्ना. अख्खा जन्म त्यांनी तिथल्या दगडांची राखण केली, आणि मी आज त्यांच्याच कमानीखाली हसं करून घेतलं.

सांगू की नको? सांगते. तुला नाही तर कुणाला सांगणार?

पहाटेच पोचलो. बाबा करायचे तसं मी आधी झाडाखाली तुंब्यात मक्याचं पाणी ठेवलं, रानाच्या अदृश्य राखणदारांची परवानगी घेतली. मग कमानीजवळ उभी राहिले. उत्तरेचा वारा होता, गार. एक पान हलत नव्हतं. म्हणजे हलत असेल, पण शांत होतं सगळं. तिघं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी रोजचं विचारायला विसरले. "आज काय ऐकलंत?" एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. त्याऐवजी मी मोठ्या ऐटीत म्हणाले, "थंडीने जंगल गप्प आहे. पाखरं तोंड उघडणार नाहीत. अर्धा तास थांबावं लागेल."

ग्रासिएलाने इंगरकडे बघितलं. ग्रासिएला, जी झोपेतही बडबडत असेल, ती गप्प! मग माझं लक्ष झाडाकडे गेलं. त्या रामोनच्या झाडाच्या फांद्याफांद्यांवर पाखरं होती, एल्सी. हिवाळ्यात तुमच्या तिकडून येतात ना, ती इवली इवली पिवळी, काळीपांढरी. एकूणएक चोच उघडी होती. गळे थरथरत होते. सगळं झाड ओरडत होतं आणि मी त्याच्याखाली उभी राहून सांगत होते की जंगल गप्प आहे.

"हो, गार आहे जरा," प्रेबेन म्हणाला. "चला, आधी कॉफी पिऊ."

गाडीपाशी तो एकटा आला. त्याचं स्पॅनिश म्हणजे वरातीतलं घोडं, दोन पावलं पुढे, एक मागे. समोर उभा राहून, माझ्या डोळ्यांत बघत, सावकाश म्हणाला, "फिदेलियाबाई, पहिल्या दिवशी मला वाटलं, काय छान शिकवते ही बाई. दुसऱ्या दिवशी वाटलं, हिला दुसरं काही विचारता येत नाही का? आज वाटलं, अरे, हा तर मीच." मग कानावरचे पांढरे केस बाजूला केले. मागे यंत्र होतं, वालाच्या दाण्याएवढं. "मी पोरांच्या तोंडांकडे बघून समूहगान घेत होतो. वरच्या पट्टीतली सगळी पोरं बेसूर झाली तेव्हा मुख्याध्यापिका धावत आली."

मी म्हटलं, "मला नीट ऐकू येतं."

तो म्हणाला, "मीही हेच म्हणालो होतो." आणि डबा उघडून मला अंडं घातलेलं पापाद्सूल दिलं. मी खाल्लं. रडू येत होतं, म्हणून तोंड भरून घेतलं.

हे पत्र मी पाठवणार नाहीये.

कोन्वास, शुक्रवार, १७ जानेवारी

एल्सी,

बुधवारचं पत्रही याच्याबरोबर पाठवतेय. दोन्ही शनिवारी रस्त्यात रेंज आली की येतील. वाचून काय ते ठरव, पण लवकर ठरव. कडेवर घ्यायला दुसरी बाई शोधायची तर वेळ थोडा आहे.

मला बारीक आवाज येत नाहीत. झालं, लिहिलं. जाडे येतात. वानरं बोंबलली, ट्रक गेला, तोह खाकरला, की येतं. पण चिमण्या पाखरांचं काही येत नाही, आणि बायकांचं बोलणं तोंड दिसलं तरच कळतं. फोनवर तर डब्यात माशी अडकल्यासारखं नुसतं गूं गूं होतं. मेरिदाचा डॉक्टर यंत्र लावा म्हणाला. मी त्यालाच विचारलं, कानात यंत्र घातलेली पाखरांची बाई कुणाला हवी असेल? झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून गप्प बसले. दुसरं येतं काय मला? बाबांनी पाखरं शिकवली, त्यावर आयुष्य काढलं.

आता तुझे निरोप. मी ऐकले नव्हते. ऐकायचं नव्हतं म्हणून नाही. ऐकूच आले नाहीत. खूप वेळा लावले, कानाला चिकटवून, कानशील लाल होईपर्यंत. तुझा आवाज आहे एवढं कळलं. किती दिवसांनी तुझा आवाज, आणि त्यातला शब्दसुद्धा हाती लागेना. या तिघांना ऐकवून काय उपयोग? तू आपल्या माया भाषेत बोललेलीस. आणि शेजाऱ्यांना ऐकवायचं म्हणजे कारण सांगायला हवं.

इथे तळावर जेवण करणारी ओतिलिया ओपेल्चेन गावची, आपलीच भाषा बोलते. काल दुपारी सगळे आडवे झाले, तेव्हा तिच्या चुलीपाशी गेले. म्हटलं, "बाई, माझ्या फोनचा आवाज बिघडलाय, हे काय म्हणतेय बघ जरा." तिने पिठाचे हात झटकले आणि फोन कानाला लावला.

"बहीण का? विचारतेय, रविवारी टर्की कापायची की डुक्कर? तू काय सांगितलंस?"

"ठीक आहे, म्हणाले."

"म्हणजे दोन्ही! बरं आहे गं तुमचं, श्रीमंतांचं!" आणि हसत सुटली. मीही हसले. मग तिने दुसरा लावला आणि तिचं हसू गेलं. तव्यावरची पोळी फुगली, करपली, तिने उलटली नाही.

"हा मी नाही सांगत. हा तुमच्या घरातला आहे."

"सांग."

"तूच ऐक ना."

"ओतिलिया, मला ऐकू येत नाही!" असं मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा हे तोंडातून निघालं, तेही एका परक्या बाईच्या चुलीपाशी.

तिने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि एकेक शब्द वेगळा करून सांगितलं. "ताई, आईने शेवटी माझं नाव घेतलं का? नसेल घेतलं तरी खरं सांग. मी रडणार नाही." मग मागे होऊन तिने विचारलं, "ह्यालाही तू ठीक आहे म्हणालीस?"

मी मान हलवली. तिने करपलेली पोळी कुत्र्याला टाकली आणि दुसरी थापायला घेतली.

तर ऐक आता. घेतलं. रोज घेतलं. दिवेलागणीला म्हणायची, "एल्सीचा झोका टांग." मी म्हणायचे, "आई, ती येत नाहीये, तिकडे आहे ती." तर म्हणायची, "ती दमून येईल गं, टांगून ठेव." मग मी टांगायचे, दोन्ही टोकं हुकांना लावून, आणि सकाळी गुंडाळून ठेवायचे. रोज. मला राग यायचा. मी इथे उष्टी काढतेय, कूस बदलून देतेय, आणि दमलेली कोण, तर तू! शेवटच्या दिवशीही तिने बघितलं झोका टांगलाय की नाही ते. माझं नाव तिने घेतलं नाही, एल्सी. मी समोरच होते ना.

हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं असं तू म्हणशील. नाही सांगितलं. तुझं होतं ते, पण एवढंही मला तुला द्यायचं नव्हतं. आता घे.

आज सकाळी कालाकमुलच्या रस्त्याला लागण्याआधी मी तिघांनाही खरं सांगून टाकलं. म्हटलं, मला बारीक पाखरं ऐकू येत नाहीत, पैसे परत हवे असतील तर सांगा. ग्रासिएला म्हणाली, "एवढंच? मला वाटलं, तुम्ही आम्हाला कंटाळलात!" मग दिवसभर ती माझ्या कानाशी ओरडत होती, "चिक चिक! डावीकडे! चिक चिक!" निम्मी पाखरं तिच्या ओरडण्यानेच पळाली. उरली ती मी ओळखून दाखवली. तिथल्या जुन्या पडक्या मोठ्या देवळावर चढलो तेव्हा खाली नुसतं हिरवं पसरलेलं, आणि रानटर्की अंगणातल्यासारखी दगडांतून फिरत होती. वानरांनी एकदम बोंब ठोकली. मी म्हटलं, "हे मात्र मला येतंय हं!" प्रेबेन इतका हसला की त्याला पायरीवर बसवावं लागलं.

पण पोरीचं तसं नाही. जी कडेवर घेते तिच्यासारखं मूल होतं, हे आपण लहानपणापासून ऐकतोय. तू म्हणूनच मला निवडलंस ना, बाबांची विद्या पोरीत यावी म्हणून? माझ्याकडे आता काय आहे द्यायला? गेलेले कान आणि हा शीण. तीन महिन्यांच्या पोरीला हे कसं देऊ? शेजारची आदेलाइदा बघ. गुणी आहे, शिवणकाम येतं, हसरी आहे. मी टर्की कापीन, वाढीन, भांडी घाशीन. कडेवर नाही घेणार.

तुझी ताई

ओश्कुत्स्काब, रविवार, १९ जानेवारी

एल्सी,

काल गिऱ्हाइकं मेरिदाला सोडून घरी आले तर तुझी लेक उंबऱ्यावर बसलेली. मांडीवर गाठोडं, त्यातून दोन डोळे. मी म्हटलं, "तुझ्या आईने माझी पत्रं वाचली का? दुसरी बाई बघितलीत का?"

ती उठली. अगदी समोर आली, माझं तोंड आपल्याकडे वळवून घेतलं आणि पुरुषासारख्या जाड आवाजात म्हणाली, "कसली पत्रं, मावशी?" मग हसली. "आईने बजावलंय, मावशीशी असंच बोल. समोर उभी राहून, खालच्या आवाजात, घाई न करता."

"कधी बजावलं?"

"सोमवारी. तुझं 'ठीक आहे' आलं तेव्हा. आई रात्रीचं जेवली नाही. आधी म्हणाली, ताईने मला तोडलं. मग म्हणाली, छे. ताईने मला शिव्या दिल्या असत्या. तेव्हा कुठे मेली होतीस, असं विचारलं असतं. ह्या प्रश्नाला ठीक आहे म्हणणारी माझी बहीण नव्हे. ताईला ऐकू आलेलं नाही."

मी उंबऱ्यावरच बसले. चार दिवस माझ्याबरोबर गाडीत बसून ग्रासिएलाला कळलं नाही, मला बोलून दाखवायला प्रेबेनला तीन दिवस लागले, आणि तू दोन शब्दांवरून ओळखलंस?

"मग माहीत असून मला कशाला?" मी विचारलं. "हिचेही कान जातील."

युरीदियाने फोन काढून तुझा निरोप वाचून दाखवला. तू लिहिलेलंस ते. "तिला सांग, कान पोरीला तिच्या आईचे आहेत, चांगले आहेत. मला ताईचं थांबणं हवंय तिच्यात. आमच्या घरात निघून जाणारे खूप झाले. एक तरी थांबणारी होऊ दे."

मी पोरीला गाठोड्यासकट उचललं आणि आत गेले. नाव काय ठेवलं विचारलं तर युरीदिया म्हणाली, "बिबियाना." आईचं नाव. ते तू मला मुद्दाम सांगितलं नव्हतंस. तुझ्यावर मी परत रागावले. बरं वाटलं रागवून.

आज दुपारी झालं सगळं. टर्कीही कापली आणि डुक्करही, मी ठीक आहे म्हणाले होते ना! अंगणात टेबल मांडलं. उकडलेलं अंडं, भोपळ्याच्या बिया, भाजलेल्या मक्याचं पीठ. पोरीला डाव्या कडेवर घेतलं, पाय दोन्हीकडे सोडून. जड आहे कार्टी. एकेक फेरी आणि एकेक वस्तू. "हे पुस्तक, वाच." "ही सुई, शीव." "हा तवा, कुणाला उपाशी ठेवू नकोस." अंडं ओठाला लावलं तर तोंड वाकडं केलं, थेट आईसारखं.

शेवटच्या फेरीला मी माझी दुर्बीण तिच्या मुठीत दिली. दोऱ्याला लोंबकळली. सगळे वाट बघत होते, मी काय म्हणते याची. मी म्हटलं, "बिबियाना, हे बघण्यासाठी. बघायला माझ्याकडून शीक. पण ऐकायला तुझ्या आजीकडून शीक. ती सॅन फ्रान्सिस्कोतून ऐकते, जे शेजारी बसलेल्याला ऐकू येत नाही." आदेलाइदाने डोळे पुसले. मी पुसले नाहीत, माझे हात अडकलेले होते.

आता जेवून सगळे पांगलेत. पोरगी झोपलीय, तुझ्या झोक्यात. मीच टांगला, दिवेलागणीला, कुणी सांगितलं नव्हतं. ती दमली होती.

गुरुवारी मेरिदाला यंत्रासाठी जातेय. युरीदिया येतेय बरोबर. ते आलं की पहिल्यांदा तुझाच निरोप लावीन. तोवर फोन कर. हो, कर म्हणते. सावकाश बोल, बाबांसारखं जाड्या आवाजात बोल. आणि काहीही विचारलंस आणि मी "हो हो, ठीक आहे" म्हणाले, तर ते उत्तर धरू नकोस, एल्सी. पुन्हा विचार.

तुझी ताई